चौतिसाव्या इंचावरचा कच्चा टाका

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे, मापं घेणारी. साठ इंच लांबी, दोन्ही टोकांना पितळी टोप्या, आणि एकेकाळी लिंबासारखा पिवळाधमक रंग. आता रंगाचं काही विचारू नका.

माझा सगळा जन्म माणसांच्या अंगाभोवती फिरण्यात गेला, त्यामुळे माणसं मला चांगलीच ठाऊक आहेत. माप देताना शंभरातले नव्वद जण पोट आत घेतात आणि उरलेले दहा जण घेऊन घेऊन दमलेले असतात. खरं माप कुणालाच नको असतं. म्हणूनच जिने ते मागितलं, तिची गोष्ट सांगते.

ती एकोणीस वर्षांची असताना मला विकत घेऊन कपडे शिवणाऱ्या एका मोठ्या दुकानात कामाला लागली. काम काय, तर कोटांना काजं करायची. दिवसाला साठ काजं. आठवड्याभरात सगळे तिला काजूताई म्हणू लागले. काजं करणाऱ्या बाकीच्या बाया म्हणायच्या, "एकदा काजं हातात आली की जन्माची सोय झाली." काजूताई हसायची आणि जेवणाच्या सुट्टीत मला मांडीवर पसरायची.

तिने ठरवलं होतं, एक इंच म्हणजे एक वर्ष. एकोणिसाव्या इंचाच्या कडेला तिने लाल दोऱ्याचा बारीकसा टाका घातला. पुढे बाविसावर पांढरा टाका, बाही शिकण्यासाठी. सव्विसावर कॉलर. तिसावर गिऱ्हाइकाची मापं घेणं. आणि चौतिसावर कटिंगचं टेबल! त्या दुकानात टेबल म्हणजे सिंहासन. कापड कापणारे मास्तर तिथे उभे राहायचे आणि मालकीणबाईसुद्धा त्यांच्याशी हळू आवाजात बोलायच्या.

पांढरे टाके मुद्दाम कच्चे होते, ओढले की निघणारे. ते वर्ष आलं आणि काम हाताला बसलं, की ती पांढरा उसवून तिथे लाल पक्का टाका घालायची. मी बऱ्याच जणांचे बेत ऐकले आहेत, पण बेताला उसवायची सोय ठेवणारी हीच पाहिली. कॉलरच्या वर्षी आई अंथरुणाला खिळली. काजूताईने सव्विसावरचा टाका काढून अठ्ठाविसावर नेला. हळहळ नाही, कुणाला दोष नाही. कॉलरवाले आजोबा कुणाला म्हणून शिकवत नसत. तिने सहा महिने त्यांच्या सुया ओवून दिल्या. सातव्या महिन्यात तेच म्हणाले, "बस इथे. सुया ओवून ओवून माझी लाज काढलीस."

एकतिसाव्या वर्षी तिला शिवणाऱ्यांवर देखरेखीचं काम देऊ केलं गेलं. खुर्ची, पंखा, सगळं होतं. ती म्हणाली, "त्या वाटेवर कात्री नाही." बायांनी कपाळाला हात लावला.

फक्त एक खोड होती तिला. पुढचा विचार करताना ती मला दोन्ही हातांत धरून ओढायची. चौतिसावा इंच जसा जवळ येऊ लागला, तशी ओढ वाढली. मी कापडाची. किती सोसणार?

त्या वर्षी मास्तर काम सोडणार होते. टेबलासाठी दोघं होती, काजूताई आणि मास्तरांचा भाचा. तेवढ्यात एका वाद्यवृंदाच्या चोवीस कोटांचं काम आलं. मालकीणबाई म्हणाल्या, "काजूताई, मापं तू घे, कापडही तूच काप. कोट बसले तर टेबल तुझं."

तिने माझ्याने मापं घेतली आणि टेबलावरच्या पोलादी पट्टीने मापून कापड कापलं. पण एकच. पहिला कोट अंगावर बसल्याशिवाय दुसऱ्याला कात्री लावायची नाही, हा तिचा नेम. ढोलवाला कोट घालून बघायला आला. बटणं कशीबशी लागली. मग त्याने ढोल वाजवायला हात उचलले आणि पाठीची शिवण टर्रकन उसवली.

"बाई, शपथेवर सांगतो," तो कळवळून म्हणाला, "सकाळपासून नुसता चहा घेतलाय!"

दुकान खो खो हसलं. भाचा जवळ येऊन हळूच म्हणाला, "सांगून टाका ना ताई, गडी महिन्याभरात सुटला म्हणून. कोण बघायला येतंय?"

"आणि बाकीचे तेवीस? तेही सुटले?"

तिने मला गळ्यातून काढलं आणि पोलादी पट्टीशेजारी निजवलं. माझे साठ इंच तिच्या साडेएकसष्टाला जाऊन भिडले. मित्रांनो, मला पाय असते तर पळाले असते. इतकी वर्षं मी ताणली जात होते आणि माणसांना बारीक दाखवत होते. माणसं खूश होती, कोट मात्र तंग झाले.

मालकीणबाई आल्या. "काय झालं?"

"चूक माझी," काजूताई म्हणाली. "टेप ताणली गेलीये. मी रोज तिच्याकडे बघत होते, पण टाके बघत होते. टेप कधी तपासलीच नाही."

"आता?"

"या कोटाच्या शिवणीत माया सोडलीये, जास्तीचं कापड आहे. उसवून सैल करते. बाकीच्यांची मापं नव्या टेपने पुन्हा घेते."

मालकीणबाईंनी कोटाची उसवलेली शिवण बोटांनी चाचपली. "कोट तूच कर. पण बोलले ते बोलले. यंदा टेबलावर भाचा उभा राहील."

"बरं," काजूताई म्हणाली.

दुपारी तिने चौतिसावरचा पांढरा टाका काढला आणि पस्तिसावर घातला. दोरा दातांनी तोडताना मात्र जरा जास्त वेळ थांबली.

दुसऱ्या दिवशी ती वाद्यवृंदाच्या तालमीला गेली. बासरीवाला म्हणाला, "पुन्हा मापं? आमच्यात काही कमी निघालं की काय?"

"तुमच्यात नाही, माझ्यात," ती म्हणाली आणि नवी टेप उलगडली.

चोवीसच्या चोवीस कोट बसले. भाच्याची कात्री झरझर चालायची, पण कापडाला लावण्याआधी तो हाक मारायचा, "ताई, एवढं माप बघता का?" वर्ष सरायच्या आत तोच मालकीणबाईंना म्हणाला, "सारखं ताईंना बोलावण्यापेक्षा टेबलच त्यांना द्या. मी शर्टांकडे बरा." पस्तिसाव्या इंचावर तिने लाल टाका घातला. त्याला गाठी मात्र तीन मारल्या!

आता ती सत्तेचाळीस वर्षांची आहे. मी टेबलाशेजारच्या खिळ्यावर असते. दर महिन्याच्या पहिल्या दिवशी दुकानातली प्रत्येक टेप पोलादी पट्टीशेजारी झोपवली जाते. चुकार सापडली की तिची रवानगी माझ्या खिळ्यावर, आणि मग आमच्या गप्पा रंगतात.

मित्रांनो, तुमच्या टेपा ओढू नका, इस्त्रीखाली ठेवू नका, सैल टांगा. पुढची वर्षं जरूर आखा, पण आखणाऱ्या टेपलाही अधूनमधून खऱ्या पट्टीशेजारी निजवा. ताणलेली टेप कुरकुर करत नाही. ती गोड बोलते.

काल कामाला लागलेल्या एका मुलीने मला खिळ्यावरून उतरवलं. पन्नासाव्या इंचावर एक कच्चा पांढरा टाका आहे, टेबलासाठी दुसरं कुणीतरी तयार करण्याचा. त्यापुढे काहीच नाही.

"ताई, पुढचे दहा इंच रिकामे का?"

काजूताई कात्री थांबवून म्हणाली, "रिकामे कुठे? तिथे माया सोडलीये."