मोकळ्या माथ्यावर दोन ठोके

मित्रांनो, मी एक जुनी ऐरण आहे. लोहारकामाच्या कारखान्यात मधोमध लाकडाच्या ओंडक्यावर बसलेला जो लोखंडाचा ठोकळा असतो, तो म्हणजे मी. माझा उजवा कोपरा तुटलेला आहे. तो कसा तुटला, ते शेवटी सांगेन.

ज्या भट्टीत माझा जन्म झाला, तिच्या आचेने म्हणे शेजारच्या गावातली कोंबडी उकडलेली अंडी घालू लागली. माझं वजन चार माणसांना उचलेना, तेव्हा मीच उडी मारून गाडीत बसले. माझ्यावरून उडालेल्या एका ठिणगीने तीन गल्ल्यांपलीकडच्या गृहस्थाची विडी पेटली, आणि ती त्याने अजून ओठालाही लावली नव्हती. हसा, खुशाल हसा. थापा मारायची मला खोड आहे. दिवसभर डोक्यात घण बसला की माणूससुद्धा काहीबाही बोलतो. पण आता पुढे जे सांगणार आहे, त्यात तिखटमीठ नाही.

मला विकत घेतलं ते मोठ्या मिस्त्रींनी. भट्टीचा आवाज एवढा की बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आमच्या धंद्यात बोलणं हातोडीचं. मिस्त्री एका हातात सांडशीने तापलेलं लोखंड धरतो, दुसऱ्या हातातल्या लहान हातोडीने घण कुठे पडायला हवा ते दाखवतो. समोरचा घणकरी तिथेच घण घालतो. आणि मिस्त्रीने लोखंड सोडून माझ्या मोकळ्या माथ्यावर टण टण असे दोन ठोके दिले की त्याचा अर्थ एकच. थांब. मग घण हवेत असला तरी तो खाली येत नाही. तो आला तर कुणाचा तरी हात जातो.

मोठ्या मिस्त्रींचा मुलगा नऊ वर्षांचा झाला तसा भात्यावर बसू लागला. भाता ओढायचा, पाणी भरायचं आणि समोरच्या वखारीतून कोळसा आणायचा. वखारवाले काका म्हणजे रस्त्यावरचं मोठं प्रस्थ. खिशात सदा गोळ्या. मुलांचा त्यांना फार लळा, असं सगळे म्हणायचे.

एक दिवस काम ऐन रंगात होतं. लोखंड लालबुंद, घण वर गेलेला. मोठे मिस्त्री ओरडले, "कोळसा संपत आला, जा काकांकडे." पोराने बाजूची एक लहान हातोडी उचलली आणि माझ्या माथ्यावर दोन ठोके दिले. घण थबकला. लोखंड गार पडलं, वाकडं झालं, वाया गेलं. मोठ्या मिस्त्रींनी सांडशीचा दांडा त्याच्या पाठीत घातला.

"थांबायची खूण म्हणजे खेळ वाटला का रे तुला?"

पोरगा गेला आणि कोळसा घेऊन आला. टोपली ठेवून तो भट्टीमागे ओकला. कोळशाची धूळ नाकात गेली असेल, असं मला वाटलं.

असं सात वेळा झालं. सात वेळा कोळशाचं नाव निघालं, सात वेळा त्याने माझ्यावर दोन ठोके दिले आणि सातही वेळा मार खाल्ला. एकदा कान फुटला. आठव्या वेळी त्याने हातोडीला हात लावला नाही. मुकाट्याने टोपली उचलली. "आता शहाणा झाला," मोठे मिस्त्री म्हणाले. मलाही तसंच वाटलं, मित्रांनो. माझ्या माथ्यात पोलाद आहे, अक्कल नाही.

पोराचा बाप्या झाला, आधी घणकरी, मग मिस्त्री झाला, तरी घण त्याने हातातून सोडला नाही. त्याचा घण असा पडायचा की भिंतीवरची हत्यारं खाली यायची. गार लोखंडावरही तो घण घालायचा, तास तास. लोक म्हणायचे, "काय हात आहे!" मीही मिरवायचे. पण एकदा एका गिऱ्हाइकाने मागून येऊन त्याच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला, आणि पुढच्या क्षणी ते गिऱ्हाईक जमिनीवर होतं. त्याचे दोन दात माझ्या पायाशी पडले होते. घरी मिस्त्रीने दार फोडलं, ताटं भिंतीवर फेकली. शेवटी बायको मुलाला घेऊन माहेरी गेली. "तुम्हाला काय होतंय ते मला सांगा, मग मी येते," एवढंच ती जाताना म्हणाली. त्या दिवशी माझ्यावर घणाचा दांडा मोडला.

त्याच्यासमोर घण घालायचा तो एक धिप्पाड गडी. सगळे त्याला डोंगर म्हणत. बायको गेल्यावर आठवड्याने, दुपारी डबा खाताना डोंगर म्हणाला, "मिस्त्री, मलाही मागून हात लावलेला चालत नाही."

"मग?"

"मी आठ वर्षांचा होतो. शिकवणीचे मास्तर होते."

मिस्त्रीने घास खाली ठेवला. "तुला कोण हात लावणार? एवढा मोठा तू."

"तेव्हा मोठा नव्हतो," डोंगर म्हणाला. "दर गुरुवारी आम्ही, असं सोसलेले, दवाखान्यात बसतो. एक बाई ऐकून घेतात. सगळे गडीच. कुणी वाहनचालक, कुणी शिक्षक, एक तर आजोबा आहेत. येता का?"

"मला काय झालंय?" मिस्त्रीने सांडशी फेकली. ती खिडकीची काच फोडून रस्त्यावर गेली.

डोंगराने उठून ती परत आणली. "बरं," म्हणाला, आणि डब्याचं झाकण लावलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वखारवाले काका आले. केस पांढरे, हातात काठी. त्यांना फाटक करून हवं होतं. म्हातारे मोठे मिस्त्री कोपऱ्यात स्टुलावर बसले होते, त्यांना रामराम घालून काका हसत मिस्त्रीला म्हणाले, "काय रे, तुझा मुलगा आता नऊ-दहा वर्षांचा असेल. पाठव की वखारीत. कोळसा देईन, गोळ्या देईन."

मिस्त्रीने घण उचलला.

तो लोखंडासाठी नव्हता. काका मला टेकून उभे होते आणि घण त्यांच्या टाळूच्या सरळ वर होता. मिस्त्रीचे डोळे मी पाहिले. माझ्यावर इतक्या वर्षांत जे जे घाव पडले होते, ते कुणासाठी होते, ते मला त्या क्षणी कळलं. मोठे मिस्त्री ओरडले. ते त्याला ऐकू गेलं नाही.

टण. टण.

डोंगराने लहान हातोडीने माझ्या मोकळ्या माथ्यावर दोन ठोके दिले होते.

घण हवेत थांबला. तीस वर्षांची सवय होती ती, त्या आवाजावर घण खाली येत नाही. डोंगराने काकांना बाजूला ओढलं. मग घण पडला, नुसता माझ्यावर, आणि माझा उजवा कोपरा तुटून उडाला.

"बाबा," मिस्त्री म्हणाला, "ह्या माणसाने वखारीचं दार लावून घेतलं. माझे कपडे काढले. नको ते केलं. मी कोळशाला गेलो की दर वेळी."

"खोटारडा आहे हा, लहानपणापासूनच," काका म्हणाले.

मोठे मिस्त्री स्टुलावरून उठले आणि माझ्याजवळ आले. त्यांनी माझ्या माथ्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "तू खूण करत होतास."

"हो."

"आणि मी तुला मारत होतो."

"हो."

पोलीस चौकीत हवालदार म्हणाला, "एवढा दांडगा गडी, आणि आज सांगतोस?" मिस्त्रीने मुठी वळल्या, पण टेबलावर ठेवल्या. "आज सांगतोय. लिहा," तो म्हणाला. मोठे मिस्त्री शेजारी उभे राहून म्हणाले, "माझंही लिहा. मी त्याची खूण पाहिली आणि मला कळली नाही." महिन्याभरात आणखी दोन गडी चौकीत आले. तेही लहानपणी त्याच वखारीतून कोळसा आणत. खटला अजून चालू आहे.

मिस्त्री गुरुवारी दवाखान्यात जातो. पहिले तीन गुरुवार तो नुसता बसून आला. चौथ्या गुरुवारी बोलला. बायको परत आली आहे. दार बसवलं, काच अजून बसवायची आहे. राग गेला असं नाही. कधी कधी अजूनही गार लोखंडावर घण पडतो, आणि मग तो स्वतःच हातोडी उचलून माझ्यावर दोन ठोके देतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी मागतात, की आम्हाला पुसा, तेल लावा. मला काही नको, गंज मला सोसतो. पण तुमच्यापैकी कुणाला, मुलगी असो की मुलगा, कुणी असं दार लावून त्रास देत असेल, तर सांगा. एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा, दुसऱ्याने मारलं तर तिसऱ्याला. त्यात तुमची चूक काडीचीही नाही. आणि जे मोठे हे वाचत असतील, त्यांना एवढंच सांगते: काल मिस्त्रीच्या मुलाने खेळता खेळता हातोडी घेतली आणि माझ्यावर दोन ठोके दिले. लोखंड लालबुंद होतं. मोठ्या मिस्त्रींनी ते तसंच गार होऊ दिलं, गुडघे धरत त्याच्यासमोर खाली बसले आणि विचारलं, "काय झालं रे बाळा?"

"काही नाही आजोबा. नुसतंच."

"नक्की ना?"

"नक्की."

लोखंड वाया गेलं. कुणी काही बोललं नाही. मिस्त्रीने ते पुन्हा भट्टीत घातलं.