गुरुवारी रेनो कुठे जातो

गुरुवार आला की रेनो कांगस इस्त्रीचा शर्ट घालून यायला लागला, आणि मार्लिस हॉगनच्या मनात पाल चुकचुकली. अमेरिकेतल्या डुलुथ शहरातलं तिचं जमीनमोजणीचं ऑफिस वडिलांच्या काळापासूनचं. रेनो तिथे सतरा वर्षं होता. एरवी त्याच्या बुटांचा चिखल जिन्यापर्यंत यायचा. आता मोजणीच्या जुन्या वह्या तो पिशवीत घालून घरी न्यायचा, आणि फोन वाजला की बाहेर जाऊन बोलायचा.

"अगं, सरोवराकाठच्या कॅफेत पाहिलं मी त्याला," ऑफिस सांभाळणारी कॉनी म्हणाली. "डलोरेस बोप्रेबरोबर. वह्या पसरून बसले होते दोघं."

डलोरेस म्हणजे लाकूड कंपनीची मालकीण. तिच्या जंगलांच्या हद्दी मोजण्यावरच निम्मं ऑफिस चालायचं. वर्षभरात तीन माणसं सोडून गेली होती. आता हाही जाणार, आणि जाताना डलोरेसलाही घेऊन जाणार, अशी मार्लिसची खात्रीच झाली. पुढच्या गुरुवारी रेनो बाहेर पडताच तिने कॉनीला नकाशांच्या खोलीच्या कुलपाचा नंबर बदलायला सांगितलं आणि थेट कॅफे गाठला.

"कधीपासून चाललंय हे?"

रेनोचा घास हातातच राहिला. डलोरेसने मात्र शेजारची खुर्ची ओढली.

"बस आधी. फेब्रुवारीपासून. काम देते म्हणून दुसऱ्या ऑफिसला पत्रसुद्धा लिहून ठेवलं होतं मी. वर्षात तीन नवी माणसं पाठवलीस, आणि प्रत्येक जण मलाच विचारतोय, बाई, तुमची हद्द कुठली! ह्याने हातापाया पडून थांबवलं मला."

"जुन्या वह्यांतल्या हद्दीच्या खुणा एकेक करून नकाशावर चढवतोय," रेनो म्हणाला. "म्हणजे पुढच्या माणसाला विचारावं लागणार नाही."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही माझ्यावरच संशय घेतला असता. ते तिघं उगाच गेले का?"

मार्लिसला कुलूप आठवलं. कॉनीला फोन करून थांबवायला हवं होतं, पण ह्या दोघांसमोर तो करणार कसा?

रेनो तिच्याआधी ऑफिसात पोचला. ती जिना चढून आली तेव्हा तो नकाशांच्या खोलीसमोर उभा होता. कुलपावर लाल दिवा लागला होता. कॉनी खाली मान घालून बसली होती.

"नवा नंबर सांगते," मार्लिस घाईघाईने म्हणाली.

"राहू द्या. कॉनीलाच उघडायला सांगत जाईन."

नकाशे पुरे करून ऑक्टोबरमध्ये तो काउंटीच्या सरकारी नोकरीत गेला. डलोरेसला त्याने नेलं नाही. मार्लिस आता स्वतः महिन्यातून एकदा तिच्याकडे जाते. मागच्या खेपेला तिला राहवलं नाही.

"रेनोचा फोन येतो का गं तुला?"

"तू काही सुधारायची नाहीस," डलोरेस म्हणाली आणि मार्लिसचा कोट आणून द्यायला उठली.