उसना बाप

"बाबा, लग्नाच्या दिवशी तू जरा मागेच थांब," बिपुल म्हणाला.

सुपारी कातरणारा धरणी बर्मनचा हात थांबला. "मागे म्हणजे? नांदीमुखाला बापच बसतो ना रे? आजा-पणजाची नावं घेऊन पाणी कोण सोडणार?"

"जतीनकाका."

आमच्या छिटात उसना बाप ही काही नवलाची गोष्ट नव्हती. चारी बाजूंनी भारत, मधली आमची जमीन तेवढी कागदोपत्री बांगलादेशाची. ना शाळा, ना दवाखाना. पोराला दिनहाट्याच्या शाळेत घालायचं तर बाप भारतातला दाखवावा लागे. मग शेजारच्या गावातला एखादा भला माणूस आपलं नाव द्यायचा आणि आम्ही त्याच्या शेतावर राबून ते फेडायचो. जतीन रायने बिपुलला असंच नाव दिलं. पोर शिकलं, पोलिसात लागलं. "आपलं छिट भारतात गेलं की तुझंच नाव लावीन, बाबा," असं तो दर दुर्गापूजेला म्हणायचा आणि धरणी ते घरोघर सांगत सुटायचा.

पुढे दिल्लीत शंभरावी घटनादुरुस्ती झाली आणि आमची माती भारताची झाली. झेंडा लागला त्या दिवशी धरणी ढोलाच्या पुढे वेड्यासारखा नाचला. मग विजेचे खांब आले, मतदान आलं, रेशन आलं. बिपुलच्या बापाचं नाव मात्र होतं तेच राहिलं.

"खोट्या बापावर नोकरी घेतली म्हणून मलाच आत टाकतील," बिपुल म्हणाला. "आणि मुलीकडच्यांना जतीनकाकाच माहीत आहेत."

"दिल्लीवाल्यांनी अख्खा देश बदलून दिला, आणि तुला एक बाप बदलता येईना?"

"त्यांनी सीमा बदलली, बाबा. आपण केलेली लबाडी कोण माफ करणार?"

भीती खरी होती, नाही म्हणत नाही. पण पक्क्या घराचा, सुपारीच्या बागेचा बाप कोणाला नकोसा होतो? मला तरी त्या पोराची चीड आली.

लग्नाच्या सकाळी जतीनच्या अंगणात पाट मांडला. नवरदेवाला न्यायला मुलीचे मामा लवकरच येऊन बसले होते. जतीनने धरणीला हळूच बाजूला घेतलं. "तूच बस रे बाबा. मला पाप लागेल."

"बस गुपचूप. पोराचं लग्न मोडशील," धरणी त्याच्यावरच खेकसला.

भटजींनी विचारलं, "मुलाच्या आजोबांचं नाव?"

जतीनची जीभ उचलेना. मागून बिपुलच म्हणाला, "उपेन राय." एकदासुद्धा अडखळला नाही. धरणीचा बाप फटिक बर्मन, ज्याने ह्या पोराला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, तो कुठल्या कुठे गेला.

खांबाला टेकून उभ्या म्हाताऱ्याकडे मामांचं लक्ष गेलं. "हे कोण हो, जावईबापू?"

"आमचे जुने गडी," बिपुल म्हणाला.

धरणीने ऐकलं. खांद्यावरचा गमछा नीट केला, तांब्या भरून आणला आणि मामांच्या पायांवर पाणी घातलं. मामा माणूस चांगला होता. त्यांनी आपुलकीने विचारलं, "दादा, तुम्हाला मुलंबाळं?"

"एक मुलगा होता," धरणी म्हणाला. "भारतात गेला."