मालनबाईची गोष्ट मी खोटी दाखवली

मित्रांनो, मी एक जुना, पाठीला पोक आलेला टीव्ही आहे. वडगाव रासाईला झुंबरबाईंच्या घरी राहतो. अठरा वर्षांपूर्वी शिरूरच्या दुकानातून टेम्पोत बसून इथे आलो, तेव्हा झुंबरबाईंनी मला हळदकुंकू लावलं होतं. पुढे घरोघरी भिंतीवरचे सपाट टीव्ही आले, तरी त्यांनी मला हलवलं नाही. इतक्या मायेनं सांभाळणाऱ्या बाईशी खोटं बोलू नये. मी बोललो, आणि वर्षानुवर्षं बोललो.

झुंबरबाईंना गुन्ह्यांच्या मालिकांचं भारी वेड. रविवारी जेवणं उरकली, की शेजारची नकुशी यायची आणि दोघी माझ्यासमोर बसायच्या. मी काय दाखवायचो? एखादी तरुण बाई मेलेली. तिच्या मोकळ्या केसांवर, उघड्या पाठीवर कॅमेरा रेंगाळायचा. मग जीपमधून साहेब उतरायचे, गॉगल काढायचे आणि क्षणात सगळं ओळखायचे. बायकांनी एक तर मरायचं, नाहीतर रडायचं. तिसरी कुणी असलीच तर ती विष कालवणारी. शेवटी एक गृहस्थ येऊन बायकांना सांभाळून राहायला सांगायचे. झुंबरबाई मान डोलवायच्या. "असल्या बायांचं असंच व्हायचं," म्हणायच्या.

त्यांची सून सुलक्षणा गावची पोलीस पाटील होती, रीतसर परीक्षा देऊन झालेली. ती माझ्याकडे फारसं बघायची नाही.

तीन वर्षांपूर्वी गावातल्या मालनबाई भीमेच्या पाण्यात मेलेल्या सापडल्या. साठीच्या, विधवा, एकट्या राहणाऱ्या. स्वतः पिकवलेली भेंडी स्वतःच बाजारात नेऊन विकायच्या. काठावर त्यांच्या चपला जोडून ठेवलेल्या होत्या. "चुलतीनं जीव दिला," असं पुतण्या जयसिंग म्हणाला आणि सगळ्यांना ते पटलं. सुलक्षणाला पटेना. इथंच उंबऱ्यात बसून ती सासूला म्हणाली, "आत्या, त्या चपलेचा अंगठा तुटल्याला हाय. मालनकाकूनं ती महिन्यापास्नं कोपऱ्यात टाकली व्हती. नदीला जाणारी बाई तुटकी चप्पल शोधून घालंल व्हय?"

हेच तिनं पोलिसांना लिहून दिलं. मग नकुशीलाही धीर आला. त्या दुपारी जयसिंग मालनबाईंच्या दाराला कुलूप लावत होता, ते तिनं पाहिलं होतं. तो मात्र दिवसभर दौंडला होतो म्हणून सांगत होता. चुलतीच्या नदीकाठच्या जमिनीवर त्याचा डोळा होता. त्याला अटक झाली आणि पुण्याच्या कोर्टात खटला उभा राहिला.

पुढे एका मालिकेची माणसं गावात आली. सुलक्षणानं त्यांना घडलं तसं सांगितलं. त्यांनी वहीत उतरवून घेतलं, चहा घेतला आणि गेली.

तो भाग मी एका रविवारी दुपारी दाखवला. त्या दिवशी सुलक्षणाही येऊन बसली होती. सुरुवातीलाच अक्षरं आली, 'सत्य घटनेवर आधारित'. माझ्यातली मालनबाई पंचविशीची होती, ओल्या साडीतली, कुणाला तरी चोरून भेटणारी. पोलीस पाटील मिशीवाला होता. तुटकी चप्पल जीपमधल्या साहेबांनी ओळखली. आणि शेजारीण? ती मालनबाईचे निरोप तिच्या याराला पोचवायची.

नकुशी उभी राहिली. "काकू, मी न्हाई येत कोर्टात. आमच्या मालकांनी हे बघितलं, तर मला घराभाईर काढतील. सगळ्या गावाला आता मी तसलीच वाटणार."

तिची साक्ष गुरुवारी होती. कुलूप लावताना पाहिलेलं दुसरं कुणीच नव्हतं. सुलक्षणा तिला समजवायला पुढे झाली, पण झुंबरबाईंनी सुनेचा हात धरून तिला खाली बसवलं.

"नकुशे, मालन माझ्यासंगं तीस वरसं बाजारला आली," त्या म्हणाल्या. "तिला यार न्हवता, गुडघेदुखी व्हती. ह्या डब्यातल्या मेलेल्या बायांना मी आजवर नावं ठेवली. त्यातल्या किती मालनसारख्या असतील, कुणाला ठावं? बेस्तरवारी तू बोलायचं. मी तुझ्या शेजारी बसते. तुझ्या मालकाशी आत्ताच बोलते, चल."

तिकडे काय बोलणं झालं, ते मला ऐकू आलं नाही. गुरुवारी मात्र तिघी सकाळच्या एसटीनं पुण्याला गेल्या. संध्याकाळी नकुशी याच खोलीत चहा पीत सांगत होती, "जयसिंगचा वकील म्हनला, टीव्हीतली शेजारीण ती तुम्हीच ना? मी म्हनलं, न्हाई साहेब. ती टीव्हीवाल्यांनी केली. जयसिंगला कुलूप लावताना बघितलं, ती मी." सांगताना तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही.

जयसिंगला जन्मठेप झाली. त्या खोट्या भागाबद्दल सुलक्षणानं चॅनेलला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही, म्हणून दुसरं लिहिलं. परवा तिनं चौथं पाठवलं.

झुंबरबाई अजून माझ्यासमोर बसतात, पण आता मान डोलवत नाहीत. "ह्या बाईला नाव हाय का न्हाई?" असं मलाच दरडावतात. मला ते आवडतं.

मित्रांनो, शाळेच्या निबंधात आपली आत्मकथा सांगणारे माझे जुने भाईबंद शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. माझ्याशी भांडा. मी मेलेली बाई दाखवली, की ती जगत कशी होती ते विचारा. तपासाला नुसते पुरुषच धावताना दिसले, की बायका कुठं गेल्या ते विचारा. मालनबाईंना ओळखणाऱ्या तिघी या खोलीत होत्या, म्हणून माझं खोटं पकडलं गेलं. ज्या बाईला तुमच्या खोलीतलं कुणीच ओळखत नसेल, तिच्या बाजूनं तुम्ही बोला.