नवरीने खोललेला पंप

मी एक जुना पंप आहे. पण मित्रांनो, विहिरीवरचा नव्हे आणि रस्त्याकडेला उभा राहून पेट्रोल देणाराही नव्हे. मी मोटारीच्या इंजिनाला चिकटून बसणारा, मुठीएवढा पंप. मागच्या टाकीतलं पेट्रोल ओढायचं आणि इंजिनाला पाजायचं, हे माझं काम. इंजिन फिरलं की माझी दांडी हलते आणि दांडीबरोबर पोटातला रबरी कापडाचा पडदा खालीवर होतो. मेकॅनिक त्याला डायफ्राम म्हणतात. तो पडदा म्हणजे माझा जीव!

जन्म माझा कुठल्याशा मोठ्या कारखान्यातला, पण आयुष्य गेलं नंदाखाल गावात, व्हॅलेरियनच्या फिएटमध्ये. गोलमटोल अंगामुळे लोक तिला 'डुक्कर फिएट' म्हणत. व्हॅलेरियनला ते नाव मुळीच खपत नसे. तिचे पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे पुढून मागे उघडायचे, त्यामुळे नवरीचा घोळदार झगा कुठेही न अडकता आत जाई. मग काय! गावातली प्रत्येक नवरी आमच्याच गाडीतून चर्चला निघू लागली. व्हॅलेरियन कोट चढवून ऐटीत गाडी हाकायचा आणि मी आत टकटक करत पेट्रोल ओढायचो. चर्चपाशी बँड वाजू लागला की वाटायचं, हा आपल्यासाठीच वाजतोय.

पुढे व्हॅलेरियनचे हात थरथरू लागले. डॉक्टर झाले, औषधं झाली. थरथर थांबली नाही. त्याने गाडी झावळ्यांच्या छपराखाली लावली ती लावलीच. बॉनेटवर भोपळे आले, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. माझ्यातलं पेट्रोल सुकलं, पडदा कडक झाला आणि एक दिवस तडकला. कुणाला कळलंही नाही.

अशी वर्षं गेली. १९८२ साली व्हॅलेरियनची मुलगी पॉलिन हिचं लग्न ठरलं. पॉलिन गावच्या बायकांचे ब्लाउज, पोरींचे फ्रॉक शिवायची. लग्न गिरीजच्या चर्चमध्ये, नवऱ्याच्या गावी होतं. तिची आई कार्मिन हिने त्यासाठी दुसरी गाडी सांगून ठेवली. त्या संध्याकाळी व्हॅलेरियनने येऊन बॉनेटवरचे भोपळे एकेक करून खाली ठेवले. पॉलिन खिडकीतून बघत होती.

"आय, मी आपल्याच गाडीतून जाणार," ती म्हणाली.

"अगं, ती गाडी आता कोंबड्यांची झाली!"

"मग कोंबड्यांना दुसरं घर बघ."

शेजारी रामनाथ नावाचे केळीचे बागायतदार राहत. त्यांनी नवी बॅटरी जोडली, प्लग घासले, टाकी धुऊन ताजं पेट्रोल भरलं. इंजिन फिरलं, पण पेटेना. पेट्रोल पोचतच नव्हतं.

"पंप गेला," रामनाथकाका म्हणाले. "या गाडीचा पडदा आता कुठे मिळायचा?"

"ट्रकचा आणा काका. मोठा असेल तर मी कापून घेईन."

त्यांनी खरंच आणला! लग्नाच्या आदल्या दिवशी, अंगणात मांडव उभा राहत असताना, पॉलिनने मला इंजिनावरून उतरवून ओटीवरच्या पाटावर ठेवलं. व्हॅलेरियन खुर्ची ओढून शेजारी बसला.

"खोलण्याआधी कानशीने कडेला खूण कर," तो म्हणाला. "म्हणजे परत जुळवताना चुकायचं नाही."

तिने खूण केली आणि स्क्रू काढले. तडकलेला पडदा नव्यावर ठेवून पेन्सिलीने रेघ मारली आणि ब्लाउजचा गळा कापावा तसा तो गोल कापला. झडपा पेट्रोलमध्ये धुतल्या. कार्मिन हळदीची वाटी घेऊन आली आणि कपाळावर हात मारून उभी राहिली.

"हळद लागायची त्या हातांना ग्रीस लावून बसलीय पोरगी!"

"दोन्ही लाव, आय!"

पॉलिनने मला बंद केलं, स्क्रू आवळले, माझी नळी पेट्रोलच्या डब्यात बुडवली आणि बोटाने दांडी दाबून पाहिली. मी जीव खाऊन ओढलं. थेंबभरही पेट्रोल वर आलं नाही! पडदा इतका ताणून बसला होता की मला हलताच येईना. तिचा चेहरा उतरला.

व्हॅलेरियन डोळे मिटून आठवत होता. एकदम म्हणाला, "दांडी पूर्ण दाबून धरायची आणि मग स्क्रू आवळायचे. पडद्याला सैल जागा मिळते."

"मला दोनच हात आहेत, बा. तू दाब."

"माझे हात..."

"बोटांनी नको. तळवा ठेव, वर भार दे."

त्याने तळवा माझ्या दांडीवर ठेवला आणि खुर्चीतून अर्धा उठून सगळं अंग वर टाकलं. थरथर मला जाणवत होती, पण दांडी तसूभर हलली नाही. पॉलिनने समोरासमोरचे स्क्रू आलटूनपालटून आवळले. मग त्यानेच दांडी खालीवर केली आणि काय सांगू मित्रांनो, पेट्रोलची चिळकांडी थेट कार्मिनच्या पदरावर!

"आलं! आलं!" रामनाथकाका ओरडले. रागवायचं विसरून कार्मिन हसत सुटली.

मला परत जागेवर बसवलं. इंजिन दोनदा खोकलं आणि धडाडून सुरू झालं. कोंबड्या पळाल्या, मांडववाले टाळ्या वाजवू लागले.

लग्नाच्या दिवशी व्हॅलेरियन कोट घालून सवयीने ड्रायव्हरच्या दाराशी गेला. तिथे थबकला. मग किल्ली त्याने पांढऱ्या झग्यातल्या लेकीच्या हातात दिली.

"हात धड होते तेव्हा गाडी शिकवली होती ना तुला? चल मग!"

नवरी स्वतः गाडी हाकतेय, हे पाहायला लोक कुंपणापाशी धावले. वाटेत निर्मळ गावाच्या वळणावर केळीची बैलगाडी आडवी आली. इंजिन हळू झालं, आचके देऊ लागलं. मी माझा नवा पडदा सावरून एकसारखा ओढत राहिलो. बैलगाडी सरली आणि आम्ही निघालो!

गिरीजच्या चर्चपाशी ड्रायव्हरचं दार उघडून नवरी उतरलेली पाहून बँडवाले वाजवायचेच थांबले. मग असे वाजवू लागले की विचारू नका. व्हॅलेरियन दुसऱ्या बाजूने उतरला आणि जमलेल्यांना मोठ्याने म्हणाला, "पंप आम्ही दोघांनी बसवलाय!"

मित्रांनो, एखादी वस्तू बंद पडली तर फेकण्याआधी एकदा खोलून बघा. आणि खोलताना घरातल्या जाणत्या माणसाला शेजारी बसवून घ्या.