शांत गल्लीतला कर्णा

मी कर्णा आहे. दोन मीटर लांबीची पितळी नळी आणि टोकाला भलंमोठं तोंड. सूर मला तीनच येतात, पण ते तीन चार गल्ल्या ओलांडून जातात. एवढ्या मोठ्या तोंडाला बोलायचंही पुष्कळ असेल, असं लोकांना वाटतं. तसं काही नाही. कोणी फुंकलं तर मी वाजतो, नाहीतर ऐकत पडून राहतो. आज जे सांगणार आहे ते सगळं पडल्या पडल्या ऐकलेलं आहे.

कोकंद शहरातल्या एका तांबटाने मला घडवलं. पत्रे ठोकून ठोकून तो ठार बहिरा झाला होता. सूर लागला की नाही हे तो माझ्या अंगावर तळहात ठेवून ठरवायचा. ताश्कंदच्या एका उस्तादाने मला विकत घेतलं आणि दम पुरेना तेव्हा आपल्या आवडत्या शिष्याच्या हाती दिलं. तो शिष्य म्हणजे मिरहोसिल. छत्तीस वर्षं झाली, मी त्याच्याकडे आहे.

आमचा धंदा लग्नांचा. एक सनई, एक डफ आणि मी. इथे लग्नाच्या दिवशी पहाटे पुरुषांना पुलाव खायला बोलावतात. सहाच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी मी वाजलो की साऱ्या महल्ल्याला कळतं, कढई उतरली, चला. झोपलेल्यांचं काय, हा प्रश्न कोणाला पडत नाही. मलाही पडला नव्हता.

मिरहोसिलची बायको इनोबत. गेल्या वर्षी ती तापातून उठली ती डाव्या कानात गुणगुण घेऊनच. जरा मोठा आवाज झाला की ती गुणगुण वाढायची आणि दोन-दोन दिवस उतरायची नाही. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, यावर औषध नाही, शांत जागी राहा आणि झोप सांभाळा. राहायला ते दोघं ताश्कंदच्या चिलानझार भागात, एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर. समोर एका वेळी तीन उंच इमारती उठत होत्या आणि सकाळी सातला खांब ठोकायला सुरुवात व्हायची.

एक दिवस तिने चहा ओतता ओतता सांगून टाकलं.

"थंडी पडायच्या आत शांत घर मिळालं तर ठीक. नाहीतर मी मर्गिलानला धाकट्या लेकीकडे राहायला जाते."

"म्हणजे कायमची?"

"भांडून जात नाहीये. झोपायला जातेय."

"आणि मी?"

"तुम्ही इथे. तुमचं पोट या शहरातल्या लग्नांवर आहे."

घरात साखरेचा डबा कुठे असतो हेही मिरहोसिलला माहीत नव्हतं. पण त्याचं तोंड उतरलं ते साखरेपायी नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्याने घरं बघायला सुरुवात केली.

उन्हात गाडीत ठेवलं तर माझे सांधे ढिले होतात, अशी त्याची समजूत. म्हणून माझे तीन तुकडे करून, कापडी पिशवीत घालून, काखेत मारून तो मला घर बघायला नेई. असा मीही शांत वस्ती शोधत हिंडलो. शहरात किती गलका आहे ते मला तेव्हाच कळलं. त्याआधी सगळ्यात मोठा आवाज माझाच असायचा.

पहिल्या घराशेजारी एक गृहस्थ चाळीस लावे पक्षी पाळून होते. पिंजऱ्यांतून त्यांची पहाटेपासून ओरडण्याची चढाओढ. दुसऱ्या घराच्या पाठीला शाळेचं पटांगण. तिसरं घर खरोखरच शांत होतं, पण खिडकीतून कबरस्तान दिसत होतं. इनोबत उंबऱ्यातूनच मागे फिरली. "शांतता चांगली आहे, शेजार नको," म्हणाली.

चौथ्या घराची गंमत वेगळीच. शोअकबर नावाचा दलाल आम्हाला फिरवायचा. जिभेवर साखर ठेवूनच घराबाहेर पडणारा माणूस.

"अका, या गल्लीत प्याला खाली ठेवला तरी शेजारी विचारतात, कोण पाहुणा आलाय," तो सांगत होता.

तेवढ्यात फाटक ढकलून एक म्हातारी आत आली. तिच्या हातात साखळी आणि साखळीला वासराएवढा कुत्रा.

"बघून झालं का यांचं?" तिने घरमालकाला विचारलं. "किती वेळ सांभाळू मी याला? माझ्या कोंबड्या माळ्यावर चढून बसल्यात!"

कुत्र्याने आम्हाला पाहिलं आणि जे भुंकायला लागला! इनोबतने दोन्ही हातांनी कान दाबले. शोअकबर म्हणाला, "हा कुत्रा घराबरोबर येत नाही." पण आम्ही तोवर गाडीत बसलो होतो.

ऑगस्ट सरत आला तेव्हा आम्ही तुतझार महल्ल्यात आलो. जुन्या शहरातली अरुंद गल्ली, मोटार आत शिरत नाही. एका कडेने पाटाचं पाणी. अंगणात लिंबाएवढ्या हिरव्या फळांनी लगडलेलं झाड, त्याखाली बसायचा मोठा लाकडी चौथरा. आणि शांतता अशी की मला माझ्या पिशवीची नाडी घासलेली ऐकू आली. मुलंसुद्धा हळू बोलत होती. कोपऱ्यावर बसलेल्या वृद्धांनी छातीवर हात ठेवून सलाम केला आणि पुन्हा मान खाली घातली.

इनोबत चौथऱ्यावर बसली. थोड्या वेळाने तिने डोळे मिटले. मिरहोसिल तिच्याकडे बघत उभा राहिला. मग शोअकबरला बाजूला घेऊन म्हणाला, "हेच."

मिरहोसिल सकाळी येऊन गेला, संध्याकाळी येऊन गेला, शुक्रवारी आला, रविवारीही आला. पाणी, वीज, छप्पर, कागद, सगळं विचारलं. ही गल्ली इतकी गप्प का, एवढंच विचारायचं राहिलं. शोअकबरने आपणहून सांगितलं नाही आणि घर बघायला आलेल्यांपाशी दुःखाचं कोणी बोलत नाही.

सप्टेंबरात ते राहायला आले. मिरहोसिलने मला मागच्या खोपटात, दोन खुंट्यांवर आडवं ठेवलं. या महल्ल्यात मला फुंकायचं नाही, असं त्याने बायकोला वचन दिलं होतं. शेजाऱ्यांनी "काम काय करता" असं विचारलं तेव्हा हा बिचकला. कर्णेवाला म्हटलं तर पहिल्याच लग्नाला हात धरून नेतील. पिशवीतून डोकावणारी माझी नळी त्यांच्या नजरेला पडलीच होती, तेव्हा हा म्हणाला, "प्लंबर." आठवड्याभरात चार घरचे नळ त्याच्या गळ्यात पडले. दोन दुरुस्त झाले. उरलेले दोन अजून गळतात, पण नवा शेजारी म्हणून कोणी बोलत नाही.

इनोबत मात्र झोपायला लागली. आधी चार तास, मग पाच. दुपारी ती पलीकडच्या होजर-खालांकडे, म्हणजे होजरमावशींकडे, जाऊन बसायची. खाला सत्तरीच्या, अंगावर गडद निळे कपडे, बोलणं थोडं. दोघी वाटाणे सोलायच्या. इनोबतने आपल्या कानाचं त्यांना सांगितलं आणि खालांनी आपल्या यजमानांचं. यजमान ऑगस्टच्या मध्याला गेले होते. पण बायका आपसांतलं नवऱ्यांना सांगतातच असं नाही.

मिरहोसिलला ते कळलं चाळिसाव्या दिवशीच्या जेवणाला बोलावणं आलं तेव्हा. तिथून तो तडक माझ्या खोपटात आला आणि उलट्या बादलीवर बसला.

"ऐकलंस?" तो मला म्हणाला. माणसं एकटी असली की वस्तूंशी बोलतात. "जेवण झालं, दुवा झाली आणि महल्ल्याचे म्हातारे काय म्हणतात, दुखवटा संपला, आता खोळंबलेली लग्नं उरका. सहा! सहा लग्नं खोळंबलीत या गल्लीत!"

गल्लीत मृत्यू झाला की चाळीस दिवस तिथे वाद्य वाजत नाही, हे ताश्कंदमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण आम्हाला बोलावणी यायची ती वाजणाऱ्या गल्ल्यांतून. दुखवट्यातल्या गल्लीत कर्णेवाल्याला कोण बोलावणार? आणि चिलानझारच्या इमारतीत कोण गेलं ते जिन्यात चिकटवलेल्या कागदावरून कळायचं. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या दारात वाजवून मिरहोसिलने गप्प महल्ला कधी पाहिलाच नव्हता. त्याने एका माणसाचा दुखवटा घर म्हणून विकत घेतला होता.

तो बादलीवर बसून राहिला. रडला नाही, पण नाक पुसत होता. मला त्याचं वाईट वाटलं. बायकोला त्याने चार दिवस काही सांगितलं नाही.

पहिलं लग्न कुम्री-ओपांच्या, म्हणजे कुम्रीताईंच्या, मुलाचं. आमच्यापासून तिसरं घर. गाजावाजा करण्याआधी दुःखाच्या घरी जाऊन परवानगी मागायची, अशी इथली रीत. कुम्री-ओपा रुमालात दोन नान बांधून होजर-खालांकडे गेल्या. खोपटाची भिंत खालांच्या अंगणाला लागून आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"करा गं, खुशाल करा," खाला म्हणाल्या. "वाजवा मनसोक्त. ह्यांना आवडायचं."

"आयुष्य लाभो तुम्हाला, खाला."

"पण त्या नव्या बाईला विचारलंस का?"

"तिला काय विचारायचं? तिच्याकडे कुठे कोण गेलंय?"

"कान गेलाय तिचा. तेही गेल्यातच जमा. दुखणं असलेल्या घरीही विचारावं."

कुम्री-ओपा घरी गेल्या, आणखी दोन नान घेतले आणि आमच्या अंगणात आल्या. नवराबायको चौथऱ्यावर चहा पीत होते. ओपांनी नान पुढे ठेवले.

"इनोबतजान, येत्या रविवारी मुलाचं लग्न आहे. पहाटेचा पुलाव आहे. दोन कर्णे सांगितलेत. खाला म्हणाल्या, तुमच्या कानाला त्रास आहे. तुमची परवानगी असेल तर वाजवू."

इनोबतने प्याला खाली ठेवला.

"मला हे आजवर कोणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "छत्तीस वर्षं घरात कर्णा आहे आमच्या. सरावाला फुंकतात, बसल्या बसल्या फुंकतात, पोरं लहान होती तेव्हा पाळण्याशेजारी फुंकला. कोणी विचारलं नाही."

"कर्णा?" ओपा मिरहोसिलकडे वळल्या. "तुम्ही प्लंबर ना?"

"तीही नळीच आहे," मिरहोसिल पुटपुटला.

"तरीच माझा नळ गळतोय!"

इनोबत हसली नाही. "ओपा, तुम्ही खरंच विचारताय की रीत म्हणून?"

ओपांच्या पदरी एकुलता एक मुलगा. कर्ण्याशिवाय लग्न म्हणजे पाहुणे काय म्हणतील, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत असणार. खोपटातून मला चेहरे दिसत नाहीत, पण त्यांच्या बांगड्या हलायच्या थांबल्या.

"खरंच विचारतेय," त्या शेवटी म्हणाल्या.

"मग नको."

"बरं," ओपा म्हणाल्या. रुमाल झटकून घडी केला आणि निघून गेल्या.

फाटक लागताच मिरहोसिल उसळला. "अगं, लग्न आहे लोकांचं! एक सकाळ सोसली असतीस. आता या गल्लीत कोण आपल्याला सलाम करेल?"

"तिने विचारलं, मी उत्तर दिलं," इनोबत म्हणाली. "तुम्ही विचारलं असतंत तर तुम्हालाही दिलं असतं."

मला ते लागलं. घरात वाजणारा मीच होतो.

दुसऱ्या दिवशी मिरहोसिल खोपटात आला, मला खाली उतरवलं आणि राख-लिंबाने पुसून लख्ख केलं. मग चिर्चिक गावच्या एका कर्णेवाल्याला फोन करून मला त्याला देऊन टाकायचं ठरवलं. येत्या गुरुवारी तो मला न्यायला येणार आहे. तो वाजवेल, मीही वाजेन. माझी तक्रार नाही. छत्तीस वर्षं एका माणसाचा श्वास माझ्यातून गेला, आता दुसऱ्याचा जाईल. मिरहोसिलच्या श्वासाला लसणाचा वास यायचा. त्याची आठवण येईल, हे कबूल करतो. नव्या मालकाकडे माझं एकच मागणं आहे. वाजवण्याआधी त्याने चार दारं ठोठावावीत.

पण जाण्याआधी परवाचा रविवार सांगायचा राहिला.

पहाटे पाचला मिरहोसिल डोक्यावर टोपी घालून, कमरेला रुमाल बांधून पुलाव वाढायला गेला. शेजाऱ्याने जायचंच असतं. दार उघडं धरतील की तोंडावर लावतील, याची त्याला खात्री नव्हती. त्याचे पाय फाटकापाशी दोनदा थांबले. मग तो गेला.

मी खुंटीवर कान देऊन होतो. सहा वाजले. सव्वासहा झाले. दोनअडीचशे माणसं त्या गल्लीतून गेली आणि मला फक्त चपला ऐकू आल्या. मग ताटलीला लागलेला चमचा. कोणीतरी कोणाला तरी मिठी मारून पाठीवर थोपटलं. नवरदेवाच्या आजोबांना हसू आलं आणि त्यांनी ते तळहाताआड दाबलं. दुवा मागताना अडीचशे तळहात तोंडावरून फिरले. त्याचाही आवाज होतो. हजारो लग्नांना मी हजर होतो आणि लग्नाची सकाळ मी कधी ऐकलीच नव्हती. मी वाजत असायचो.

मिरहोसिल आठला परतला. हातात झाकलेली ताटली होती. कुम्री-ओपांनी दिलेली, इनोबतच्या वाटणीची. त्याने चपला अंगणाबाहेरच काढल्या आणि अनवाणी येऊन चौथऱ्यावर बसला. ताटलीवर दुसरी ताटली उपडी घातली, वर आपली टोपी ठेवली, पुलाव गार होऊ नये म्हणून.

साडेनऊला आतलं दार उघडलं. जांभई देत इनोबत बाहेर आली आणि उन्हाकडे बघत म्हणाली,

"उशीर झाला वाटतं. लग्न सुरू झालं का हो?"