पाहिल्याची तारीख

“काका, माणसाचं नाव आधी का नोंदीचं नाव आधी? एकदाच काय ते सांगून टाका. सकाळपासून तीनदा उलटंपालटं केलंय मी,” वृषालीनं की-बोर्ड पुढं ढकलला आणि ओढणीनं मानेचा घाम पुसला.

जुन्नरच्या बाजारपेठेतलं तिचं डीटीपीचं दुकान म्हणजे आत म्हैस बांधली तर रेडकाला बाहेर उभं राहावं लागेल एवढी जागा. तिथं दोन संगणक, एक प्रिंटर, स्वतः वृषाली आणि वैशाखाचा उकाडा अशी पाच बिऱ्हाडं आधीच नांदत होती. सहावा हौशीराम, स्टुलावर, दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून.

“जरा दम खाऊ दे पोरी,” तो म्हणाला. “नाव कुटं पळून जात न्हाई.”

हौशीराम तळेघरच्या बाजूचा, पण अठ्ठावीस वर्षं जुन्नरात कॉलेजच्या ग्रंथालयात कारकून. पुस्तक द्यायचं, तारखेचा शिक्का मारायचा. पुस्तक परत घ्यायचं, पुन्हा शिक्का. सकाळी कुलूप उघडलं की आधी शिक्क्याची चाकं फिरवून आजची तारीख लावायची, मग देवाला हात जोडायचे. या शिक्क्यापायी गावात त्याच्यावर नाही नाही त्या गोष्टी रचल्या गेल्या होत्या. म्हणे एका थोरल्या ग्रंथाला वाळवी लागली, तेव्हा हौशीरामानं ती जिथवर पोहोचली होती तिथं शिक्का मारून ठेवला, आणि पंधरा दिवसांनी ती पुढं सरकलेली दिसताच तिला मुदत संपल्याचं स्मरणपत्र धाडलं. यातलं स्मरणपत्र खोटं. शिक्का मात्र त्या ग्रंथावर आहे.

आताचं काम काही त्याचं नव्हतं. ते भगवंत सरांचं. सर इतिहास शिकवत आणि जुन्नरच्या लेण्यांमधल्या पाण्याच्या टाक्यांवर प्रबंध लिहीत. प्रबंध सुरू केला तेव्हा सरांच्या डोक्यावर भरपूर केस होते आणि प्रबंधात एकही पान नव्हतं. अकरा वर्षांनी नेमकं उलटं झालं होतं. महिनाअखेरीला मुदत संपत होती. आता मुदतवाढ नाही, असं विद्यापीठानं कळवलं होतं. आणि पुण्याच्या मार्गदर्शक बाईंनी प्रबंध परत धाडला होता. संदर्भसूचीवर लाल शाईनं लिहिलं होतं : इंटरनेटवरच्या ज्ञानकोशातल्या नोंदींचे संदर्भ तीन तऱ्हांनी दिले आहेत. एकच तऱ्हा ठरवा. सोबत तिन्ही तऱ्हांचे नमुने जोडले होते.

सरांनी तो कागद दोन बोटांत धरून हौशीरामाकडं दिला होता. “हौशीरामभाऊ, यातलं मला काही कळत नाही. त्या नोंदी तुम्हीच बघितल्यात. तुम्हीच ठरवा.”

हे मात्र खरं होतं. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठाचा तो ज्ञानकोश, मोठमोठ्या विद्वानांनी लिहिलेला, सगळा इंटरनेटवर. सरांना संगणकाची धास्ती. माउस हातात धरला की सरांच्या कपाळावर दरदरून घाम फुटे. मग नोंद लागेल त्या गुरुवारी ते एक चिठ्ठी लिहून देत आणि हौशीराम ग्रंथालय बंद करून सायबर कॅफेत जाऊन बसे. तेव्हाचं नेट असं, की पान उघडायला सांगून माणसानं लेण्याद्रीच्या पायऱ्या चढाव्यात, गणपतीचं दर्शन घ्यावं, खाली येऊन उसाचा रस प्यावा, तरी पडद्यावर ज्ञानकोशाचं निम्मंच नाव उमटलेलं असे. कॅफेतल्या प्रिंटरची शाई कायम संपलेली. म्हणून हौशीराम जाड कार्डावर हातानं उतरवून घेई. इंग्रजी त्याला अर्धमुर्धंच समजे, पण नक्कल अशी करी की स्वल्पविरामाचं शेपूटही वाकडं होऊ नये. नोंद कोणी लिहिली, नोंदीचं नाव काय, संपादक कोण, पत्ता काय. आणि सगळ्यात खाली, ‘पाहिले’ असं लिहून, शर्टाच्या खिशातला ग्रंथालयाचा शिक्का काढून तारीख. अशी त्रेचाळीस कार्डं. सरांना मजकुराची नक्कल देऊन कार्डं तो ग्रंथालयातल्या एका खोक्यात ठेवी.

“ही पहिली तऱ्हा,” वृषाली नमुन्यावर बोट ठेवून म्हणाली. “लिहिणाऱ्याचं नाव, मग नोंद, मग कोश, पत्ता आणि शेवटी पाहिल्याची तारीख. दुसरीत नोंदीचं नाव आधी, बाकी तेच. आणि तिसरी पहिल्यासारखीच, फक्त पाहिल्याची तारीख नाही. खाली लिहिलंय, नोंदीवर तिचं साल छापलेलं असेल तर तुम्ही कधी पाहिली ते सांगायची गरज नाही. तुमची तर पहिलीच असणार म्हणा.”

“तिसरी घाल,” हौशीराम म्हणाला.

वृषालीनं चष्म्यावरून पाहिलं. “तारखेबिगर? काका, तुम्ही तारीख घातल्याशिवाय चहा पीत नाही असं ऐकलंय मी.”

“त्रेचाळीस वळी वाचत्यात. कागद वाचंल. सरांस्नी बी बरं.”

“मला काय, मला उलट कमी टायपिंग,” वृषाली म्हणाली आणि टकटक सुरू केली. हौशीराम पंख्याकडं बघत राहिला. त्याला फार थकल्यासारखं वाटत होतं, आणि जरा हलकंही.

कारण त्या त्रेचाळीस कार्डांत सतरावं कार्ड ९ फेब्रुवारी २००६ चं होतं.

त्या दिवशी त्याची बायको सखूबाई नारायणगावच्या दवाखान्यात होती. छातीत पाणी झालं होतं, ते काढलं होतं, आणि डॉक्टर म्हणाले होते, उद्या घरी न्या. हौशीराम सकाळपासून खाटेशेजारी बसून होता. तीन वाजता तीच म्हणाली, “आज बेस्तरवार ना? मग हितं काय करताय?”

“बसलोय.”

“माजं त्वांड काय आज नवीन हाय व्हय? जावा. सरांचं काम अडकवून ठिवू नगा, लई सोज्वळ मानूस हाय त्यो. येताना चार केळी आना.”

तो एस.टी.नं जुन्नरला आला. चिठ्ठीत एकच नोंद होती, टाक्यांवरची. पान उघडता उघडेना. एकदा वीज गेली, आली, पुन्हा पहिल्यापासून. उठून जावं असं दोनदा मनात आलं. पण इतका वेळ बसलोच आहोत तर होऊनच जाऊ दे, असं म्हणत तो बसला. पान आलं, उतरवलं, शिक्का मारला. केळी घेऊन तो दवाखान्यात पोहोचला तेव्हा खाटेवरची चादर बदलत होते.

ती गेली तेव्हा आपण काय बघत होतो, हे कुणी विचारलं नाही. पण ते लिहून ठेवलेलं होतं, आणि ते त्यानंच लिहिलं होतं, शिक्क्यानिशी. शेवटचं कार्ड आत टाकून सुतळी बांधल्यापासून त्यानं ते खोकं उघडलं नव्हतं. आता प्रबंध छापला जाणार, पुण्यात जाणार, कॉलेजच्या कपाटात बसणार, आणि त्या पानावर कायमचं राहणार : पाहिले, ९ फेब्रुवारी २००६. ते राहिलं नसतं तर बरं होतं. आणि बाईंच्या कागदानं तशी वाटही काढून दिली होती, अगदी नियमात बसणारी.

तीन दिवसांनी दुपारी वृषालीच्या दुकानात भगवंत सर धापा टाकत शिरले. हौशीराम शेवटची पानं तपासत होता.

“घात झाला हौशीरामभाऊ! बाईंचा फोन होता. त्यांनी टाक्यांची नोंद उघडून बघितली. म्हणतात, तुमचं वाक्य तिथं नाहीच!”

“कंचं वाक्य?”

“तेच हो! ‘आधी पाण्याचं टाकं खोदलं, मग राहायची खोली.’ माझं चौथं प्रकरण सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे. बाई विचारतात, हे वाक्य तुम्ही आणलंत कुठून? पदरचं घातलंत का?” सर स्टूल शोधू लागले, स्टूल एकच होतं आणि त्यावर हौशीराम होता. तो उठला. सर बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “भाऊ, राग मानू नका. पण उतरवताना तुमच्याकडून काही… म्हणजे दुसऱ्या नोंदीतलं इकडं, असं काही…”

वृषालीनंच पत्ता टाकला. दोन वर्षांत नेट सुधारलं होतं; पान रसाच्या एका घोटात आलं. तिघंही वाकून बघू लागले. टाकी होती, पायऱ्या होत्या, वाक्य नव्हतं. त्याऐवजी भलतंच होतं : आधी काय खोदलं याविषयी नक्की सांगता येत नाही. वृषाली पान खाली खाली नेत गेली. तळाशी बारीक अक्षरांत होतं, सुधारित, सप्टेंबर २००७.

“बदललंय सर,” ती म्हणाली. “लिहिणाऱ्यानं मागनं काढून टाकलंय.”

“मग होतं हे कशावरून सांगू मी बाईंना? माझ्या शब्दावरून? मुदतीला सहा दिवस उरलेत!” सरांनी टकलावरून हात फिरवला. “अकरा वर्षं, भाऊ. अकरा वर्षं.”

हौशीराम दारातून बाहेर बघत उभा होता. समोर पिंपळाखाली एक बैल उगाच उभा होता. कुणालाही काही न सांगता घरी जावं आणि पडून राहावं, असं त्याला फार वाटलं. मग तो म्हणाला, “थांबा हितंच,” आणि गुडघा धरत ग्रंथालयाच्या दिशेनं चालू लागला.

परत आला तेव्हा काखेत खोकं होतं. सुतळी इतकी आवळली गेली होती की वृषालीला कात्री घ्यावी लागली. सतरावं कार्ड त्यानं स्वतः काढलं आणि टेबलावर ठेवलं. वाक्य होतं, स्वल्पविरामासकट. खाली जांभळा शिक्का.

सरांचा जीव भांड्यात पडला. तिथूनच बाईंना फोन लावून त्यांनी वाक्य वाचून दाखवलं, शिक्क्याचं सांगितलं. पलीकडून बाईंचा आवाज सगळ्या दुकानाला ऐकू येत होता. “असं असेल तर चालेल. त्या दिवशी नोंदीत ते होतं, एवढं म्हणता येईल. कार्डाची प्रत जोडा. पण मग पाहिल्याची तारीख घातलीच पाहिजे, आणि एकीला घालून बाकीच्यांना नाही असं नको. पहिली तऱ्हा घ्या. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस.”

“हो बाई, हो बाई,” म्हणत सरांनी फोन ठेवला आणि कार्ड डोळ्यांजवळ नेलं. “नऊ फेब्रुवारी दोन हजार…”

ते थांबले. सखूबाईच्या अंत्यविधीला तेही आले होते. पाऊण तास एका पायरीवर बसून होते. आपल्या चिठ्ठीपायी हौशीराम त्या दुपारी कुठं होता, हे त्यांना आज कळत होतं.

“भाऊ,” ते म्हणाले, “तुम्ही मला तेव्हा बोलला नाहीत.”

“काय बोलनार? तिनंच लावून दिलं व्हतं.”

“ही तारीख नको आपण घालायला. आदल्या दिवसाची घालू. आठ. बाईंनी फोनवर तारीख कुठं ऐकलीय? झेरॉक्समध्ये शिक्का जरा पुसट काढला की झालं. कोण बघतंय हो?”

वृषाली मान खाली घालून कार्डं सरळ करत होती. हौशीरामानं सरांच्या हातातून सतरावं कार्ड घेतलं. सर खरंच सोज्वळ माणूस होता. सखूबाईचं माणसांविषयी सहसा चुकत नसे.

“आट तारखंला म्या पान बगितलंच न्हाई सर,” तो म्हणाला. “आटला मी तिच्यापाशी व्हतो. दिवसभर व्हतो. त्यो दिवस बी कशापायी घालवू?”

सरांनी चष्मा काढला, काचा पुसल्या, आणि त्या स्वच्छच असल्यामुळं पुन्हा पुसल्या. मग “चहा सांगतो” असं म्हणून ते बाहेर पडले आणि हॉटेलाच्या उलट्या बाजूला चालत गेले.

“घे गं पोरी,” हौशीराम स्टुलावर बसला. “नाव आधी. तारीक शेवटाला. मी सांगत जातो.”

तो एकेक कार्ड उचलून तारखा सांगू लागला. पहिलं कार्ड, चौदा जुलै दोन हजार पाच. त्या गुरुवारी कॅफेचं छत गळत होतं. अकरा ऑगस्ट. आठ सप्टेंबर, त्या आठवड्यात गणपती. त्रेचाळीस गुरुवार ग्रंथालयात, चौकात, एस.टी.त कुठं कुठं सांडले होते असं त्याला वाटत होतं. ते इथं ओळीनं बसलेले होते. सोळावं कार्ड झालं. सतरावं त्यानं त्याच आवाजात सांगितलं, ना हळू ना मोठ्यानं. वृषालीनं टाइप केलं. “पुढं,” ती म्हणाली.

संध्याकाळी पाचला तिनं तपासणीची प्रत काढून दिली. हौशीरामानं लाकडी पट्टी घेतली. एका ओळीखाली पट्टी धरायची, कार्डाशी ताडून बघायचं, समासात पेन्सिलीची खूण करायची, पट्टी खाली. पंख्याच्या वाऱ्यानं कागद फडफडत होता. तो कोपरानं दाबून धरत होता. सोळा खुणा झाल्या. मग पट्टी थांबली आणि पेन्सिलही.

वृषालीनं एकदा त्याच्याकडं पाहिलं. मग ती उठली आणि पंखा बंद केला. पाती हळूहळू थांबली. कागद निपचित पडला. दुकानात एवढं उकडत होतं की भिंतीवरच्या कॅलेंडरालाही घाम फुटावा. ती तशीच बटणावर हात ठेवून उभी राहिली. बाहेर कुणीतरी आंबे ओरडत गेला.

हौशीरामानं कार्ड पाहिलं, कागद पाहिला. ताडून बघितलं. समासात खूण केली, इतरांएवढीच. आणि पट्टी खालच्या ओळीवर सरकवली.